हातातील विद्या आणि कारखान्याची घडण

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत समाजाच्या उगमाविषयी, कुलाचारांविषयी अथवा एखाद्या थोर पूर्वजाविषयी लेख येत असतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आपला पांचाळ समाज हा पिढ्यानुपिढ्या हाताने काम करीत आलेला समाज असल्यामुळे त्याचा इतिहास वंशावळीत जितका सापडेल, तितकाच तो कामाच्या इतिहासातही शोधावा लागेल. काम करता करता माणूस कसा शिकतो, आणि कामाची जागा ज्या रीतीने रचलेली असते तिच्यामुळे हे शिकणे कसे वाढते किंवा खुंटते, याचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतील वृत्तांत वाचकांपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आरंभ मात्र घरच्याच एका गोष्टीने करतो.

माझे आजोबा घाटावरील एका लहानशा गावी गाड्यांची चाके करीत. आमच्या घरी सुतारकाम व लोहारकाम ही दोन्ही चालत असल्याने बाभळीचा तुंबा कोरण्यापासून धाव चढविण्यापर्यंतचे सारे काम एकाच अंगणात होई. भट्टीचा भाता माझी आत्या ओढी. धाव चढविणे हे या साऱ्यातील अवघड काम. लोखंडी धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवावयाचा, गोवऱ्यांच्या आगीत ती तापवावयाची, फुगली की चाकावर बसवावयाची आणि वरून पाणी ओतावयाचे. लोखंड आकसते, पुठ्ठ्यांचे सांधे मिटतात आणि आरे तुंब्यात घट्ट बसतात. तथापि हे 'किंचित' म्हणजे नेमके किती, यातच सारी विद्या होती. कमी पडले तर वैशाखात लाकूड सुकून धाव निखळे. अधिक झाले तर आरे वाकत. आजोबांचा अंदाज सहसा चुकत नसे. परंतु माप घेण्याची वेळ आली की ते मुलांना आणि पुतण्यांना पाणी आणावयास आडावर पाठवीत. १९५७ साली ते अकस्मात वारले. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या चाकांच्या धावा भर रस्त्यात निखळू लागल्या, आणि दोन वर्षांच्या आत गावचे लोक शेजारच्या गावच्या मिस्त्रीकडे जाऊ लागले.

न्यायाने बोलावयाचे तर, धंदा बसला त्याचे खापर एकट्या आजोबांच्या माथी फोडता येणार नाही. काळच पालटत होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथून लोखंडी नांगर गावोगाव जाऊ लागले, तेव्हाच गावच्या सुताराच्या लाकडी नांगराचे दिवस सरत आले होते. पुढे रबरी धावांच्या गाड्या आल्या. परंतु धंदा काळाने जाणे वेगळे आणि विद्या आपल्याच हाताने गमावणे वेगळे. आजोबांनी विद्या लपविली ती दुष्टपणाने नव्हे. ज्या व्यवस्थेत कसब हीच एकमेव मत्ता असे, त्या व्यवस्थेत ती राखून ठेवणे हे शहाणपणच वाटे. म्हणजे प्रश्न माणसाच्या स्वभावाचा नसून कामाच्या घडणीचा आहे. हीच गोष्ट जगातील मोठमोठ्या कारखान्यांच्या इतिहासातही दिसून येते.

अमेरिकेतील फ्रेडरिक विन्स्लो टेलर (१८५६–१९१५) हे नाव उद्योगाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सुखवस्तू घरातला हा मुलगा फिलाडेल्फियातील एका कारखान्यात उमेदवार म्हणून राहिला व तेथे ओतकामाचे लाकडी नमुने करावयास शिकला. म्हणजे त्याचे पहिले शिक्षण सुतारकामाचेच. पुढे पोलादाच्या कारखान्यात काम करीत असता त्याच्या ध्यानात आले की, कारागीर आपले खरे ज्ञान मालकापासून राखून ठेवतात आणि मुद्दाम सावकाश काम करतात. कारण अधिक काम केले की दर कापला जातो, हे त्यांस अनुभवाने ठाऊक असते. यावर टेलरने काढलेला उपाय १९११ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथात दिसतो. कारागिरांच्या हातातील सारे ज्ञान घड्याळ लावून, निरीक्षण करून गोळा करावयाचे, त्याचे नियम बांधावयाचे आणि ते नियम कचेरीतील नियोजन खात्याने सांभाळावयाचे. विचार कचेरीने करावा आणि हात कामगाराने चालवावेत, अशी ही वाटणी होती.

या वाटणीने उत्पादन वाढले, यात संशय नाही. हेन्री फोर्डच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात १९१३ साली सरकती जोडणी-रांग सुरू झाली, आणि मोटारीचा सांगाडा जोडण्यास पूर्वी जे सुमारे साडेबारा तास लागत, ते पुढील वर्षी दीड तासाच्या आसपास आले. परंतु त्याच १९१३ साली त्या कारखान्यात कामगार टिकेनात. सुमारे १४,००० जागा भरलेल्या ठेवण्यासाठी वर्षात ५०,००० हून अधिक माणसे नेमावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलरचे वेतन जाहीर केले, त्यामागे हेही एक प्रबळ कारण होते. माणसाच्या हातून विद्या काढून घेतली, तर उरलेल्या कामात त्याचे मन रमत नाही, हा या प्रसंगाचा धडा होय. आजोबांच्या अंगणात विद्या एका माणसाजवळ कुलूपबंद होती. टेलरच्या कारखान्यात ती एका खोलीत कुलूपबंद झाली. कुलूप मात्र दोन्हीकडे होतेच.

हे कुलूप उघडण्याचा पहिला मोठा प्रयत्न युद्धाच्या निकडीतून झाला. १९४० साली अमेरिकेपुढे दुर्बिणी व तोफांची निरीक्षणयंत्रे यांसाठी भिंगे घासणाऱ्या निष्णात कारागिरांची तीव्र टंचाई उभी राहिली. असा कारागीर तयार होण्यास वर्षे लागत, आणि युद्ध तर दाराशी आलेले. तेव्हा कामाचे भाग पाडण्यात आले. सोपे भाग नवख्यांना देऊन अत्यंत कौशल्याचे तेवढे निष्णातांकडे ठेवण्यात आले, आणि शिकविण्याची एक ठराविक पद्धत बांधण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या नावाची सरकारी सेवा सुरू झाली. पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीच्या वेळी चार्ल्स ॲलन याने आखलेल्या चार पायऱ्या तिने आधारास घेतल्या: शिकणाऱ्याच्या मनाची तयारी करणे, काम दाखविणे व समजाविणे, त्याच्याकडून करवून घेणे, आणि नंतर त्याजवर लक्ष ठेवणे.

या वर्गांत विजेच्या तारेची एक विशिष्ट गाठ शिकविण्याचे प्रात्यक्षिक असे. शिक्षक प्रथम ती गाठ नुसती तोंडाने सांगे. कोणासही ती बांधता येत नसे. मग तो एक शब्दही न बोलता नुसती बांधून दाखवी. तरीही बहुतेकांस ती येत नसे. तिसऱ्या वेळी तो एकेक पायरी दाखवी, त्या पायरीतील मर्म सांगे आणि ते असे का, हेही सांगे. आणि गाठ बसे. आपल्याकडे 'पाहून शीक' म्हणत आणि शाळेत 'पाठ कर' म्हणत. या दोन्ही रीती अपुऱ्या का, हे त्या एका गाठीत उघड होई. १९४५ साली ही सेवा बंद होईपर्यंत सुमारे साडेसोळा हजार कारखान्यांतील सोळा लाखांहून अधिक माणसांनी हे शिक्षण घेतले होते.

आश्चर्य असे की, युद्ध संपताच अमेरिका ही पद्धत बहुतांशी विसरली आणि पराभूत जपानने ती उचलली. ती तेथे का रुजली, हे समजण्यासाठी पुन्हा एका सुताराच्या घरी जावे लागेल.

साकिची टोयोडा याचा जन्म १८६७ साली आजच्या शिझुओका प्रांतातील एका खेड्यात झाला. बाप सुतार, मुलगा त्याच्याच हाताखाली सुतारकाम शिकला. गावातील बायका हातमागावर कष्टाने कापड विणीत, ते पाहून त्याने माग सुधारण्याचा ध्यास घेतला, आणि १८९० साली एका हाताने चालविता येईल असा लाकडी माग तयार केला. पुढे त्याने यंत्रमागाला अशी योजना जोडली की, धागा तुटताच माग आपोआप थांबावा. १९२४ साली पूर्णत्वास आलेल्या त्याच्या स्वयंचलित मागाची इतकी कीर्ती झाली की, इंग्लंडातील प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने १९२९ साली त्याचे हक्क विकत घेण्याचा करार केला.

धागा तुटल्यावर माग थांबणे ही दिसावयास लहान गोष्ट, पण तिच्यात मोठा अर्थ आहे. माग थांबत नसेल तर प्रत्येक मागापाशी एक माणूस नुसता पहारा करीत बसणार, आणि दोष कापडात विणला जाणार. माग स्वतः थांबला की माणूस पहाऱ्यातून मोकळा होतो, आणि धागा का तुटला याचा विचार करावयास त्यास अवसर मिळतो. या तत्त्वासाठी टोयोटा कंपनीत 'स्वयंचलन' या अर्थाचा जपानी शब्द लिहिताना त्यातील एका अक्षरात 'माणूस' या अर्थाचे चिन्ह घालतात. यंत्र चालेल, पण त्यात माणसाची जाण असेल, असा त्याचा आशय.

साकिचीचा मुलगा किइचिरो याने १९३७ साली मोटारींची स्वतंत्र कंपनी काढली. या कंपनीचा मार्ग सुखाचा नव्हता. १९५० साली ती दिवाळखोरीच्या काठाशी आली, मोठा संप झाला, दीड हजारांहून अधिक कामगारांना नोकरी सोडावी लागली, आणि किइचिरोनेही अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा कारखाना पाहून आला, आणि १९५१ साली कामगारांनी सुधारणा सुचवाव्यात अशी सूचना-योजना कंपनीत सुरू झाली. अमेरिकेची ती चार पायऱ्यांची शिक्षणपद्धतीही त्याच सुमारास तेथे पोहोचली.

या कारखान्यातील यंत्रशाळेचा प्रमुख ताइइची ओनो याने पुढील वर्षांत जी रचना उभी केली, तीत तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, काम कसे करावयाचे याचा तक्ता कचेरीने न लिहिता त्या कामावरच्या माणसांनी लिहावा आणि सुधारणा सापडली की तो बदलावा. दुसरी, पुढच्या खात्याला जेवढे हवे तेवढेच मागच्या खात्याने करावे आणि त्यासाठी चिठ्ठी फिरावी. हीच ती 'कानबान'. तिसरी, रांगेवरील कोणत्याही कामगाराने दोष दिसताच दोरी ओढावी, मुकादमाने धावत यावे, आणि वेळेत उपाय न सापडल्यास सारी रांग थांबावी. टेलरच्या कारखान्यात थांबणे हा गुन्हा होता. येथे ते कर्तव्य ठरले. साकिचीचा माग, तोच आता माणसांच्या रांगेला लागला, असे म्हटले तरी चालेल. १९६२ पासून काओरु इशिकावा व त्याच्या सहकाऱ्यांनी जपानभर गुणवत्ता-मंडळे सुरू केली, ज्यांत एका खात्यातील माणसे एकत्र बसून आपल्याच कामातील दोष शोधीत; आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी हैदराबाद येथील भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यातून ही चळवळ आपल्या देशातही आली.

हे सर्व जपानी रक्ताचे किंवा जपानी शिस्तीचे फळ आहे, असा एक समज होता. तो १९८४ साली दूर झाला. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, तंटे आणि सदोष मोटारी यांमुळे कुप्रसिद्ध झाला होता. १९८२ साली तो बंद पडला. १९८४ मध्ये तोच कारखाना टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा उघडला, आणि पूर्वीच्याच कामगारांपैकी बहुतेकांना परत घेण्यात आले. शेकडो माणसांना जपानला पाठवून शिकविण्यात आले. थोड्याच काळात गैरहजेरी घसरली, आणि तेथील मोटारी गुणवत्तेत जपानी मोटारींच्या बरोबरीस आल्या. माणसे तीच, गाव तेच, कामगार संघटनाही तीच. बदलली ती घडण. मात्र जनरल मोटर्सने आपल्या इतर कारखान्यांत ही दोरी बांधावयास घेतली, तेव्हा ती पुष्कळ ठिकाणी नुसती लोंबकळत राहिली. कारण दोरी ओढणाऱ्यास दटावण्याची जुनी सवय गेली नव्हती. २०१० साली तो फ्रीमाँटचा संयुक्त कारखाना बंद झाला, पण त्याने दिलेला धडा शिल्लक राहिला.

येथे एक इशाराही देणे अवश्य आहे. सातोशी कामाता या जपानी पत्रकाराने स्वतः टोयोटात हंगामी कामगार म्हणून काही महिने काम केले आणि १९७३ साली त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. रांगेची वाढती गती, थकवा आणि एकाकीपण यांचे त्यातील चित्र विदारक आहे. माणसाचे डोके वापरावयाचे पण त्याच्या पाठीची पर्वा करावयाची नाही, असे झाले की तीच उत्तम रचना पिळवणुकीचे साधन होते. म्हणून शिकण्याचा अधिकार आणि विसाव्याचा अधिकार हे दोन्ही एकत्रच मागावे लागतात.

आता एक शंका उरते. सारेच ज्ञान तक्त्यावर लिहिता येईल काय? तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी याने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, हाताला अवगत असलेले पुष्कळसे ज्ञान जिभेवर येतच नाही. याचे मनोरम उदाहरण जपानी पंडित नोनाका व ताकेउची यांनी १९९५ साली दिले. मात्सुशिता कंपनी घरगुती पाव भाजण्याचे यंत्र बनवीत होती, पण कणीक नीट मळली जाईना. तेव्हा १९८५ साली इकुको तानाका नावाची, संगणकाचे काम करणारी तरुणी ओसाका येथील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकावयास राहिली. तो कणीक ताणताना तिला एक पीळ देतो, हे तिने स्वतः मळून पाहिल्यावर ओळखले. त्या पाववाल्यालाही ते शब्दांत सांगता आले नसते. तो पीळ यंत्रात उतरावा म्हणून भांड्याच्या आतून उंचवटे बसविण्यात आले, आणि १९८७ साली बाजारात आलेले ते यंत्र जोराने खपले. गुरूच्या शेजारी बसून शिकण्याची आपली जुनी रीत टाकाऊ नाही, हे यावरून दिसते. टाकाऊ आहे ते शिष्याला आडावर पाठविणे.

पीटर ड्रकर याने १९५९ साली 'ज्ञान-कामगार' या अर्थाचा शब्द रूढ केला. आज आपली मुले-मुली चाकणच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांत काम करतात. तेथील भिंतीवर वा पडद्यावर कामाच्या चिठ्ठ्या या रकान्यातून त्या रकान्यात सरकतात, आणि त्या फळ्याला 'कानबान' म्हणतात. हे नाव यंत्रशाळेतून आले, आणि त्या यंत्रशाळेमागे एका सुताराच्या मुलाचा माग आहे, हे त्यांस ठाऊक असावे. आपल्या देशात १९५० पासून कारागीर-प्रशिक्षणाची योजना आहे, आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्यांचा लाभ घ्यावाच. परंतु दाखला मिळाल्यावर ज्या ठिकाणी नोकरी धराल, तेथे वेतनाबरोबर एवढे अवश्य पाहावे: येथे चूक दिसली तर थांबता येते काय, विचारणाऱ्यास उत्तर मिळते काय, आणि शिकलेले दुसऱ्यास शिकविण्यास वेळ मिळतो काय? आणि आपल्यापैकी जे स्वतः चार माणसांचे धनी आहेत, त्यांनी हेच प्रश्न स्वतःस विचारावेत.

शेवटी घरच्या गोष्टीकडे येतो. १९८५ च्या सुमारास, सारे गाडे रबरी चाकांचे झाल्यावर, मी एकदा आत्याकडे गेलो असता आजोबांच्या त्या मापाचा विषय निघाला. मी म्हणालो, "ती विद्या त्यांच्याबरोबरच गेली." आत्या तांदूळ निवडीत होती. ती मान वर न करता म्हणाली, "गेली कशाने? पुठ्ठ्यांच्या सांध्यांत ते जोंधळ्याचा दाणा धरून बघत. उन्हाळ्यात लाकूड सुकलेले, म्हणून एका दाण्याची फट. पावसाळ्यात फुगलेले, म्हणून दोन दाण्यांची. धाव आवळली की फट मिटली पाहिजे." मुले आडावर जात, पण भात्यापाशी बसलेल्या मुलीला उठवावे असे आजोबांच्या मनातही आले नव्हते. वर्षानुवर्षे तिने ते पाहिले होते. मी थक्क होऊन विचारले, "मग धावा निखळू लागल्या तेव्हा तू बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "अरे, मला कोणी विचारलेच नाही."

आमच्या घरची विद्या आजोबांबरोबर गेली नव्हती. ती त्याच अंगणात, भात्यापाशी बसून होती. प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक कचेरीत आणि प्रत्येक घरात असे कोणीतरी बसलेले असते. त्याला अथवा तिला विचारले जाईल, अशी आपल्या कामाची घडण करणे, हीच आपल्या पूर्वजांच्या हातांना खरी मानवंदना ठरेल.